दवाखान्याचा नकाशा गावाला कळणार कधी?

प्राथमिक आरोग्य केंद्राची नवी इमारत मंजूर झाली की भूमिपूजनाचे फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतात. नकाशा मात्र फिरत नाही. फिरला तरी रेघांचा तो कागद वाचता येतो किती जणांना? इमारत उभी राहते आणि मग कळतं, की रॅम्प फार चढा झालाय, स्ट्रेचर दारात वळत नाही, नातेवाइकांना बसायला सावली नाही.

आता यावर सोपा इलाज आहे. संगणकावर इमारतीचं थ्रीडी चित्र तयार करून ते मोबाईलवर दाखवता येतं. दारातून आत शिरा, डावीकडे वळा, प्रसूती कक्ष बघा. शहरातले बिल्डर फ्लॅट विकताना हेच करतात. मग सरकारी दवाखान्यासाठी का नको?

पण नुसत्या चित्रावर भुलू नये. चकचकीत रंग, काचा, हिरवीगार झाडं दिसली की माणूस "छान आहे" म्हणतो आणि मुद्दा राहून जातो. अमेरिकेत सिएटलच्या बालरुग्णालयाने नव्या केंद्राच्या खोल्या आधी पुठ्ठ्याच्या, खऱ्या मापाच्या उभ्या केल्या आणि डॉक्टर-नर्सना त्यात काम करून बघायला लावलं. आपल्याकडे पुठ्ठाही नको, मोकळ्या जागेवर फक्की मारली तरी भागतं. आखलेल्या खोलीत खाट ठेवायची आणि १०८ च्या चालकाला, सिस्टरला, आशाताईला, सफाई कामगाराला, नुकत्याच बाळंत झालेल्या बाईच्या सासूला चालून बघायला सांगायचं. अडचण दहा मिनिटांत कळते.

रॅम्पचंच बघा. नियमाने एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. जोतं दोन फुटांचं असेल तर चोवीस फूट. कागदावर हे जाणवत नाही, जमिनीवर आखलं की लगेच दिसतं.

लोकांना विचारून दवाखाना बांधल्याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने आदिवासींना विचारलं, तुम्हाला दवाखाना कसा हवा? मोठ्या इमारतीची त्यांना भीती वाटत होती. म्हणून झोपड्यांसारखे वॉर्ड झाले, सोबत नातेवाइकांना राहायची सोय झाली, नाव दिलं माँ दंतेश्वरीचं. तिथं थ्रीडी वगैरे काही नव्हतं.

प्रश्न नुसत्या सोयीचा नाही. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर नवजात कक्षाला आग लागली, १० बाळं गेली. धूर झाला तर बाळांना कुठल्या दाराने काढायचं, हे तिथं रात्रपाळी करणाऱ्या सिस्टरला आराखड्याच्या वेळीच विचारायला हवं.

अधिकारी म्हणतील, टाईप प्लॅन ठरलेला असतो. बरोबर. पण दार कुठल्या बाजूला उघडावं, रॅम्प कुठून घ्यावा, रुग्णवाहिका कुठे थांबावी, शेड कुठे असावं, हे जागेप्रमाणे बदलता येतं. मात्र वेळ महत्त्वाची. प्रशासकीय मान्यतेनंतर आणि तांत्रिक मान्यतेआधी बोललात तर बदल कागदावर होतो. निविदा निघाल्यावर बोललात तर खर्च वाढतो आणि ठेकेदार ऐकतही नाही.

त्यामुळे ज्या गावांत इमारत मंजूर आहे, तिथं येत्या ग्रामसभेत बांधकाम विभागाच्या अभियंत्याला नकाशा घेऊन बोलवायचा ठराव घेता येईल. सोबत रुग्ण कल्याण समितीचे सदस्य हवेत, आणि चुन्याचं एखादं पोतं.