डोहाळ्यांची मळमळ आणि पावसाळा

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडची वाट बंद पडते, हा तेथील रहिवाशांचा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. अशा दिवसांत घरातील गरोदर सुनेला कोरड्या उलट्या होऊ लागल्या, तर जवळच्या दुकानातून मिळेल ती ओकारीची गोळी आणून देण्याचा मोह घरच्यांना होतो. तो आवरलेला बरा.

चिठ्ठीविना मिळते ते निर्धोक, हा समज जगाला एकदा फार महाग पडला आहे. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध चिठ्ठीविना विकले जाऊ लागले आणि गर्भवतींनी ते मळमळीवरही घेतले. १९६१च्या अखेरीस ते मागे घेण्यात आले. तोवर हजारो बालके हातापायांच्या व्यंगासह जन्माला आली होती. याउलट डॉक्झिलामिन आणि ब-६ जीवनसत्त्व यांची गोळी अमेरिकेत १९८३ मध्ये केवळ खटल्यांच्या भडिमारामुळे बंद झाली. ती निर्दोष ठरून २०१३ मध्ये पुन्हा मान्य झाली. आज हीच गोळी प्रथम पसंतीची मानतात. तिने गुंगी येते, म्हणून मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.

घरच्या घरी करण्याजोगे थोडकेच आहे, पण उपयोगी आहे. अंथरुणातून उठण्यापूर्वी मूठभर मुरमुरे खावेत, दिवसभर थोडे थोडे खात राहावे. आल्याचा तुकडा चघळावा किंवा सुंठीची पूड दिवसभरात मिळून एक ग्रॅमपर्यंत घ्यावी. खाण्याचा सोडा मात्र टाळावा. लोहाची लाल गोळी चौथ्या महिन्यापासून सुरू होते. तिने मळमळत असेल तर ती रात्री जेवणानंतर घ्यावी, परस्पर बंद करू नये.

भामरागडच्या बाबतीत खरी मेख वेगळीच आहे. गडचिरोली हा हिवतापाचा जिल्हा. उलटीसोबत ताप किंवा थंडी असेल, तर ते डोहाळे समजून आले-सुंठ देत बसू नये. आशाताईंकडून त्याच दिवशी बोट टोचून रक्त तपासून घ्यावे. गरोदरपणातील हिवताप आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततो. सिकलसेल असलेल्या स्त्रीला तर नुसती पाण्याची कमतरताही तीव्र वेदनांचे निमित्त ठरते. तिच्या उशाशी जलसंजीवनीचे पाकीट आणि उकळून गार केलेले लिटरभर पाणी असावेच.

घोटभर पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी गडद किंवा फारच कमी होत असेल, उभे राहताच भोवळ येत असेल, तर दवाखाना गाठावा. भामरागडचे ग्रामीण रुग्णालय आहे, १९७३ पासून कार्यरत असलेल्या लोकबिरादरी प्रकल्पाचा हेमलकशाचा दवाखाना आहे. नदी चढू लागल्याची बातमी आली आणि उलट्या थांबलेल्या नसल्या, तर पाणी पुलावर येण्याआधीच निघावे.