दोन टक्क्यांत न मावणारी जबाबदारी

पुण्यातील व्यवस्थापनशास्त्राच्या महाविद्यालयांत ‘उद्योगसंस्थांची सामाजिक जबाबदारी’ आणि ‘शाश्वत विकास’ हे विषय आता चांगलेच स्थिरावले आहेत. जबाबदार व्यवस्थापन शिक्षणाची तत्त्वे संयुक्त राष्ट्रसंघाच्या आश्रयाने 2007 मध्ये जाहीर झाली, आणि पुढे कंपनी कायद्याने या विषयाला कायदेशीर आधारही दिला. नफा मिळवणे हीच उद्योगाची एकमेव सामाजिक जबाबदारी होय, असे मिल्टन फ्रीडमन यांनी 1970 मध्ये ठासून सांगितले होते. त्या भूमिकेपासून शिक्षणसंस्था दूर सरकत असतील तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र स्वागत करताना एक प्रश्न विचारणे भाग आहे: जबाबदारी म्हणून तेथे नेमके काय शिकवले जाते?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. या वर्गांतील विद्यार्थी जे पाणी पितात, ते मुख्यतः पानशेत आणि वरसगाव या धरणांतून येते. ही दोन्ही धरणे वेल्हे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातील. शेजारच्या भोर तालुक्यात ब्रिटिश अमदानीत भाटघरचे धरण उभे राहिले आणि नीरेच्या कालव्यांखाली बारामती, इंदापूर, फलटणचा ऊस वाढला. धरणांच्या वर राहिलेल्या डोंगरी वाड्यांना मात्र चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. पाणी देणाराच तहानलेला राहतो, हे कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाही, कारण ताळेबंदात ते मांडण्यासाठी रकानाच नाही.

याच मोसे खोऱ्यात लवासाचा प्रयोग झाला. 2001 मध्ये शासनाने मुळशी व वेल्हे तालुक्यांतील 18 गावांचे क्षेत्र गिरिस्थानासाठी जाहीर केले. हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीच्या उपकंपनीने तेथे खासगी शहर उभारण्यास घेतले. त्याच्या आराखड्याला परदेशी व्यावसायिक संस्थांचे पुरस्कार मिळाले. शाश्वत नगररचनेचा नमुना म्हणून त्याची वाखाणणी झाली. 2008 मध्ये तर कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा देण्यात आला. ज्याने बांधायचे त्यानेच बांधकामाला परवानगी द्यायची, अशी ही व्यवस्था होती. नोव्हेंबर 2010 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोटीस बजावून काम थांबवले आणि वर्षभराने पहिल्या टप्प्याला सशर्त मंजुरी दिली. 2017 मध्ये नियोजनाचे अधिकार काढून घेण्यात आले, आणि ऑगस्ट 2018 मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली.

या शेवटच्या पायरीकडे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले पाहिजे. दिवाळखोरीत बँका दावा दाखल करतात, घरे घेणारे ग्राहक दावा दाखल करतात. फोडलेला डोंगर दावा दाखल करीत नाही. जमीन देऊन बसलेल्या शेतकऱ्याची किंवा रानावर जगणाऱ्या कातकऱ्याची मोडलेली उपजीविका कोणत्याही धनकोच्या यादीत चढत नाही. नफा झाला तर तो भागधारकांचा, आणि तोटा झाला तर त्यातला सर्वांत जुना, सर्वांत खोल तोटा खोऱ्याचा!

आता कायद्याची व्याख्या पाहावी. 2013 च्या कंपनी कायद्याचे 135 वे कलम 1 एप्रिल 2014 पासून लागू झाले. त्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम समाजोपयोगी कामांवर खर्च करावयाची आहे. या पैशातून काही शाळा दुरुस्त झाल्या, दवाखाने उभे राहिले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण नियम असाही आहे की, कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायातील काम या खर्चात धरता येत नाही. म्हणजे हा खर्च व्यवसायाच्या बाहेर ठेवला गेला. शिवाय नफा शून्य झाला की त्याचे दोन टक्केही शून्यच होतात. खोऱ्याला जबाबदारीची सर्वाधिक गरज असते तेव्हाच ती संपते. नफा कसा मिळवला, कोणाच्या जमिनीवर, कोणाच्या पाण्यावर आणि कोणाच्या संमतीने, हा प्रश्न दोन टक्क्यांत मावत नाही. शेजारच्या मुळशीत सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेव्हा त्यांनी हाच प्रश्न विचारला होता. त्याला आता शंभर वर्षे उलटून गेली. गांधीजींच्या विश्वस्त-कल्पनेतही विश्वस्ताने हिशेब देणे अभिप्रेत आहे, केवळ दानधर्म नव्हे.

म्हणून हा विषय स्वतंत्र तासात, गोड भाषेत शिकवून भागणार नाही. तो हिशेबशास्त्राच्या तासाला आणि भांडवल-उभारणीच्या तासाला शिकवला पाहिजे. आज मोसे खोऱ्यात, लवासातच, व्यवस्थापनाचे शिक्षण देणारे विद्यापीठाचे आवार आहे. वर्गाच्या खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराइतका चांगला पाठ कोणत्या क्रमिक पुस्तकात सापडणार? पुण्याला या पद्धतीची परंपराही आहे. धनंजयराव गाडगीळांच्या गोखले संस्थेने वाई तालुक्यातील शेतीच्या जमाखर्चाची पाहणी करून ती 1940 मध्ये प्रसिद्ध केली. आजच्या विद्यार्थ्याने त्याच रीतीने दासवे-मुगावात आणि भोरच्या वाड्यांत जाऊन पाण्याचा, जमिनीचा व मजुरीचा हिशेब मांडावा आणि तो ग्रामसभेपुढे वाचून दाखवावा. त्याची परीक्षा ग्रामसभेने घ्यावी.

प्राध्यापक हे आपण होऊन करतील अशी आशा धरून कार्यकर्त्यांनी बसू नये. या खर्चाचा तपशील वार्षिक अहवालात देणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. तो मिळवावा, मराठीत आणावा, आणि प्रत्यक्ष गावात काय पोहोचले ते ताडून पाहावे. वेल्हे-भोरच्या माणसांना कोणाची देणगी नको आहे. त्यांना हिशेब हवा आहे; आणि तो मागायला शिकवते तेच जबाबदारीचे खरे शिक्षण होय.