शिक्षिकेवर नाव रंगवता येत नाही

मार्च जवळ आला की संस्थाचालकांचे फोन खणखणू लागतात. कंपनी कायदा, २०१३ नुसार ठरावीक नफा किंवा उलाढाल गाठलेल्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. मग आश्रमशाळेत बाकं येतात, टॅब येतात, पाणी शुद्ध करायचं यंत्र येतं. प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव. फीत, फोटो, पेढे. जूनमध्ये टॅब कपाटात कुलूपबंद. हरवला तर भरून कोण देणार?

त्याच शाळेत पहिलीतल्या गोंड मुलीला गुरुजी हंड्याचं चित्र दाखवून विचारतात, ‘‘यात काय असतं?’’ ती म्हणते, ‘‘एर.’’ गोंडीत पाण्याला हाच शब्द. गुरुजी दूरच्या जिल्ह्यातून आलेले, माणूस भला, पण शब्द ठाऊक नाही. ‘‘चूक. पाणी म्हण.’’ पोरगी गप्प होते ती आठवडाभर गप्पच.

त्या गावची बारावी झालेली एखादी मुलगी त्या वर्गात उभी राहायची तर डी.एड.ची दोन वर्षं, वसतिगृहाचे पैसे आणि टीईटीची तयारी, एवढंच लागतं. हे मात्र कुणी देत नाही. शिक्षिकेवर नाव रंगवता येत नाही ना!

दोष एकट्या देणाऱ्यांचा नाही. संस्थांचे प्रस्ताव उघडून पाहा: ‘समावेशकता’, ‘प्रतिनिधित्व’, ‘वैविध्यपूर्ण शिक्षकवर्गाची क्षमतावृद्धी’. हे वाचून कुणाचा हात खिशाकडे जाईल? त्यात ‘मानधन’ दिसलं की कंपनीचा हिशेबनीस तो खर्च प्रशासकीय खात्यात ढकलतो आणि त्या खात्यावरच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेचा बाऊ करतो. शिक्षणाच्या प्रकल्पातले शिक्षकांचे पगार हा प्रकल्पाचाच खर्च, असा खुलासा कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्येच केला आहे. ते परिपत्रक प्रस्तावाला टाचून द्यावं, निम्मी हुज्जत वाचेल.

आकडा हवा असेल तर तोही आहे. अमेरिकेत टेनेसी राज्यात १९८०च्या दशकात वर्गाच्या पटसंख्येवर मोठा प्रयोग झाला. कुठलं मूल कुठल्या वर्गात, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. पुढे अभ्यासकांनी त्या मुलांचा माग काढला. तिसरीपर्यंत एक तरी कृष्णवर्णीय शिक्षक लाभलेल्या कृष्णवर्णीय मुलांचं कॉलेजात जाण्याचं प्रमाण इतर कृष्णवर्णीय मुलांपेक्षा १९ टक्क्यांनी जास्त निघालं. तो आकडा गडचिरोलीतल्या भामरागडला जसाच्या तसा चिकटवू नये; तिथला प्रश्न रंगाचा, इथला आधी भाषेचा. पण वर्गात आपलं माणूस असल्याचा फायदा मोजता येतो, एवढं देणाऱ्याला त्यातून कळतं.

तरी प्रस्तावाच्या पहिल्या पानावर आकडा नको. तिथे तो हंडा छापा आणि खाली दोन अक्षरं: एर. मग देणाऱ्यांना शाळेत बोलवा, फीत-कात्री न ठेवता. पहिलीच्या वर्गात तासभर मागे बसवा. बाक बहुधा त्यांच्याच नावाचं निघेल.