गिलोटिनखाली देशाचे संरक्षण

१४ मार्च २०१८ रोजी लोकसभेत गदारोळ चालू असतानाच सर्व मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या चर्चेविना एकत्रित मंजूर झाल्या. संसदीय परिभाषेत यालाच ‘गिलोटिन’ म्हणतात. त्यात संरक्षण मंत्रालयाच्या मागण्याही होत्या. आदल्याच दिवशी संरक्षणविषयक स्थायी समितीचा अहवाल सभागृहासमोर आला होता. लष्कराची ६८ टक्के साधनसामग्री जुनाट आहे, आधुनिकीकरणासाठी दिलेले २१,३३८ कोटी रुपये आधीच्या करारांचे देणे फेडण्यासही पुरणारे नाहीत, असे उपसेनाप्रमुखांनी समितीला स्पष्ट सांगितले होते. सेनेची ही व्यथा गदारोळात विरून गेली.

राज्यघटनेच्या ११३व्या कलमाने मागणी मान्य करण्याचा, नाकारण्याचा वा तिच्यात कपात करण्याचा अधिकार लोकसभेला दिला आहे. ११४व्या कलमाप्रमाणे विनियोजन कायद्यावाचून संचित निधीतून एक रुपयाही काढता येत नाही. १९९३पासून स्थायी समित्या मागण्यांची छाननी करतात. पण त्यांच्या शिफारशी बंधनकारक नाहीत. सभागृहच मुके राहिले, तर समितीचे श्रम कपाटात जातात.

दुसरा दोष वार्षिक मंजुरीचा. पाणबुडी वा तोफ यांची खरेदी वर्षानुवर्षे चालते. न वापरलेला पैसा मात्र ३१ मार्चला परत जातो. हे ओळखूनच अटलजींच्या सरकारातील अर्थमंत्री जसवंत सिंह यांनी फेब्रुवारी २००४च्या अंतरिम अर्थसंकल्पात २५ हजार कोटींच्या, वर्षअखेरीस न बुडणाऱ्या संरक्षण आधुनिकीकरण निधीची घोषणा केली होती. सत्तांतर झाले आणि घोषणा कागदावरच राहिली. पुढे पंधराव्या वित्त आयोगालाही २०२१-२६ या काळासाठी अशाच निधीची शिफारस करावी लागली, यातच सारे आले.

कौटिल्याने राज्याच्या सात अंगांत कोश आणि दंड ही दोन्ही गणली. या दोहोंचा सांधा जुळवणे हे आज संसदेचे काम आहे. २०२५-२६साठी संरक्षणाची तरतूद ६ लाख ८१ हजार कोटींची होती. एवढ्या रकमेचा हिशेब मागणे म्हणजे सेनेवर अविश्वास नव्हे. आणि सरकार आपल्या विचाराचे आहे म्हणून गप्प बसणे ही राष्ट्रभक्तीही नव्हे. दरवर्षी किमान एक दिवस संरक्षणाच्या मागण्यांसाठी राखून ठेवावा. त्या दिवशी विरोधकांनी गोंधळ आवरावा, सत्ताधाऱ्यांनी गिलोटिनचा आडोसा सोडावा. जवान सीमेवर अहोरात्र जागा असतो. लोकप्रतिनिधींनी त्याच्यासाठी वर्षातून एक दिवस जागे राहावे, ही अपेक्षा फार मोठी नाही.