उपकेंद्राची फाईल कुणाकडे?

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये निघाली तेव्हा पथदर्शी प्रकल्पांसाठी दोन गावे निवडली गेली. एक तेव्हाच्या नगर जिल्ह्यातले राळेगणसिद्धी, दुसरे यवतमाळ जिल्ह्यातले कोळंबी. राळेगणचा बोलबाला झाला, कोळंबीचे नाव जिल्ह्याबाहेर फारसे गेले नाही. पुढे २०२३ मध्ये योजनेचा दुसरा अवतार आला, जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे ठरले आणि ३३/११ केव्ही उपकेंद्रांच्या आसपासच्या माळरानांवर सौर पॅनेलच्या रांगा उभ्या राहू लागल्या. ओलिताला दिवसा वीज मिळणे ही मोठीच गोष्ट आहे. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन, साप-विंचवाच्या भीतीने मोटर सुरू करायला जाणाऱ्याला तिचे मोल वेगळे सांगायला नको. आमचे म्हणणे आहे ते पॅनेलच्या रांगांबद्दल नाही, त्यांची तार जिथे येऊन मिळते त्या खोलीबद्दल आहे.

३३/११ केव्ही उपकेंद्र म्हणजे काल-परवापर्यंत एकमार्गी कारभार होता. वरून तेहेतीस हजार व्होल्टची लाईन यायची, ट्रान्सफॉर्मरमधून अकरा हजारांचे फिडर निघायचे, वीज शेताकडे जायची. यंत्रचालक तासातासाला मीटर वाचून लॉगशीट भरायचा, फिडर ट्रिप झाला की फोन करायचा. बिघाड ओळखून ब्रेकर सोडणारा रिले कुठल्या कंट्रोल पॅनेलवर कुठल्या कंपनीचा आहे, याने कुणाचे काही अडत नव्हते. रिलेंना एकमेकांशी बोलायचेच नव्हते. आता त्याच अकरा हजारांच्या बसबारवर शेजारच्या सौर प्रकल्पाची वीज येते आणि कारभार दुमार्गी झाला.

भर दुपारी वादळात ३३ केव्हीची लाईन तुटली, असे समजा. उपकेंद्राचा मुख्य पुरवठा गेला, पण सूर्य डोक्यावर आहे. सौर प्रकल्पाने त्याच क्षणी स्वतःला तोडून घेतले पाहिजे. नाही तर लाईन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या लाईनमनच्या हातात जिवंत तार येईल. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांनी अशा बेटासारख्या सुट्या पडलेल्या भागाला वीज देणे दोन सेकंदांत थांबवायला सांगितले आहे. इन्व्हर्टरला ही परिस्थिती बहुतेक वेळा आपली आपण कळते. मात्र फिडरवर जेवढे पंप सुरू आहेत नेमकी तेवढीच वीज प्रकल्पातून येत असेल, तर व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी फारशी हलत नाही आणि इन्व्हर्टर चकतो. ऐन ओलिताच्या दिवसांत, भर दुपारी ही गाठ पडणे अशक्य नाही. तेव्हा उपकेंद्रातल्या रिलेने प्रकल्पातल्या ब्रेकरला थेट ‘सूट’ म्हणून सांगण्याची सोय हवी. आणि रिले एका कंपनीचा, ब्रेकरचे नियंत्रण दुसऱ्या कंपनीचे, इन्व्हर्टर तिसऱ्याचा, वर माहिती पाठवणारी पेटी चौथ्याची!

ही यंत्रे एकमेकांशी बोलणार कोणत्या भाषेत? जुन्या पद्धतीच्या मॉडबस या भाषेत प्रत्येक यंत्र आपली माहिती क्रमांकाच्या कप्प्यांत ठेवते. अमुक कप्प्यात व्होल्टेज आहे की ब्रेकरची स्थिती, हे त्या कंपनीच्या पुस्तिकेतच सापडणार. पुस्तिका हरवली की कप्पे उघडे आणि अर्थ गायब. ‘आयईसी ६१८५०’ या आंतरराष्ट्रीय मानकाने हाच गोंधळ मिटवला. त्याचे काम १९९५ च्या सुमारास सुरू झाले, पहिली आवृत्ती २००३ पासून टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध झाली. त्यात ब्रेकरला ‘एक्ससीबीआर’ हेच नाव आणि त्याच्या स्थितीला ‘पॉस’, मग यंत्र जर्मनीचे असो की हैदराबादचे. ट्रिपचा निरोप तांब्याच्या तारांच्या जुडग्यातून न जाता नेटवर्कवरून साधारण तीन मिलिसेकंदांत पोचावा, हेही त्यानेच ठरवले. आपल्या विजेचे एक आवर्तन वीस मिलिसेकंदांचे असते, यावरून या घाईची कल्पना यावी.

अशा मानकाविना काय होते, हे यवतमाळकरांना रेल्वेने शिकवलेले आहे. शकुंतला ही गाडी यवतमाळहून अडीच फुटी रुळांवरून मूर्तिजापूरला जायची. तिथे कापसाच्या गाठी उतरवायच्या आणि ब्रॉडगेजच्या डब्यात पुन्हा चढवायच्या. दोन्ही गाड्या धडधाकट, रूळ शाबूत, पण मध्ये हमाली. उपकेंद्रात ही हमाली करणाऱ्या पेटीला गेटवे किंवा प्रोटोकॉल कन्व्हर्टर म्हणतात. ती महाग असते, तिची जुळवणी एकाच माणसाला येते, आणि बिघडते तीच आधी.

पण निविदेत ‘आयईसी ६१८५० प्रमाणे’ एवढी ओळ टाकली की भागले, असे मानणे भाबडेपणाचे आहे. मानकात पर्याय पुष्कळ आहेत. काही माहिती देणे बंधनकारक, बरीचशी ऐच्छिक, आणि कंपनीला स्वतःची खासगी भर घालायलाही वाव. दोन यंत्रांकडे स्वतंत्रपणे मिळवलेले अनुरूपतेचे प्रमाणपत्र असते आणि तरी दोघांचे जमत नाही, कारण एक पहिल्या आवृत्तीचे, दुसरे दुसऱ्या आवृत्तीचे. युरोपातल्या पारेषण कंपन्यांच्या ‘एन्त्सो-ई’ या संघटनेने २०१२ मध्ये जाहीर निवेदन काढून नेमकी हीच तक्रार केली होती. बड्या बड्या खरेदीदारांची ही गत, तर झरी-जामणीच्या उपकेंद्रात काय होणार?

खरी मेख आहे फाईलमध्ये. या मानकाप्रमाणे उभ्या केलेल्या उपकेंद्राचा सगळा आराखडा एका संगणकीय फाईलमध्ये असतो. जाणकार तिला ‘एससीडी’ म्हणतात. कोणता रिले कुणाला काय सांगतो, कुणाचे ऐकून कोणता ब्रेकर सुटतो, सारे तिच्यात. जिच्याकडे ही फाईल, ती कंपनी उपकेंद्राची खरी मालकीण. उद्या एक फिडर वाढवायचा, एक जळका रिले बदलून दुसऱ्या कंपनीचा बसवायचा, तर फाईल उघडावी लागते. ती कंत्राटदाराच्या लॅपटॉपमध्ये असेल आणि पासवर्ड कुणा नोकरी सोडून गेलेल्या इंजिनिअरला ठाऊक असेल, तर मानक कागदावर पाळूनही आपण बांधलेलेच.

आणि ज्या कंपनीशी बांधलेले, ती तरी जागेवर राहते का? पॅनेलवरचा रिले पंधरा-वीस वर्षे चालतो. तेवढ्या काळात अरेव्हाचा पारेषण-वितरण व्यवसाय २०१० मध्ये आल्स्टोम आणि श्नायडर यांच्यात वाटला गेला. आल्स्टोमचा वाटा २०१५ मध्ये जीईकडे गेला. एबीबीच्या पॉवर ग्रिड व्यवसायातला मोठा हिस्सा २०२० मध्ये हिताचीने घेतला. यात कुणाचा दोष नाही, व्यापार असाच चालतो. आपल्याकडेही वीज मंडळाच्या २००५ मध्ये कंपन्या झाल्याच. पण डबीवरची पाटी तीच आणि फोन उचलणारी कंपनी तिसरी, हे हिशेबात धरूनच खरेदी झाली पाहिजे.

मोठ्या पारेषण उपकेंद्रांचा प्रश्न त्या मानाने सुटत आला आहे. पॉवरग्रिडने पंजाबातले मालेरकोटला उपकेंद्र २०२० मध्ये पूर्ण डिजिटल केले. वितरणाची छोटी उपकेंद्रे मात्र नेहमीच रांगेत मागे. २००८ च्या केंद्राच्या आर-एपीडीआरपी योजनेत स्काडासाठी, म्हणजे दुरून देखरेख आणि नियंत्रण करणाऱ्या यंत्रणेसाठी, शहराची लोकसंख्या चार लाखांवर हवी अशी अट होती. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ शहर सव्वा लाखाच्याही आत, मग राळेगाव-घाटंजीचे नावच नको. आता सौर प्रकल्पांमुळे स्वयंचलनाची गरज याच खेड्यातल्या उपकेंद्रांत आधी उभी राहिली, हा काळाने घेतलेला सूडच म्हणायचा.

आपल्याला हे जमणार नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. मीटरच्या बाबतीत जमलेले आहे. पूर्वी प्रत्येक कंपनीचा इलेक्ट्रॉनिक मीटर आपल्याच भाषेत बोलायचा आणि वाचायला त्याच कंपनीचे सॉफ्टवेअर लागायचे. २०११ मध्ये ‘आयएस १५९५९’ हे भारतीय मानक आले. त्याने आंतरराष्ट्रीय मानकातले अघळपघळ पर्याय छाटले आणि आपल्याकडच्या मीटरने नेमके काय, कोणत्या नावाने द्यायचे ते ठरवून टाकले. खरेदीदार ठाम राहिले, कंपन्या वळल्या. ३३/११ केव्ही उपकेंद्र आणि त्याला जोडलेला सौर प्रकल्प यांच्यासाठी अशीच छाटणी राज्यपातळीवर करायला काय हरकत आहे? कोणती आवृत्ती, कोणती माहिती सक्तीची, खासगी भर कुठे चालणार नाही, हे दहा-वीस पानांत मावेल. महावितरणने ती पाने एकदा काढावीत आणि प्रत्येक निविदेला, प्रत्येक सौर विकासकाच्या जोडणी करारालाही लावावीत.

चाचणीसाठी मुंबई-बंगळुरूकडे पाहण्याचीही गरज नाही. पुसदला बाबासाहेब नाईक यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, यवतमाळला जवाहरलाल दर्डा यांच्या नावाचे. एका टेबलावर चार कंपन्यांचे रिले, एक नेटवर्क स्विच आणि एक इन्व्हर्टर मांडला, की कुणाचे कुणाशी पटत नाही ते खांबावर नव्हे, टेबलावरच कळेल. गावातल्या पोरांना हे काम आले, तर उमरखेडच्या टोकाला रिले अडला म्हणून पुण्याहून माणूस येण्याची वाट पाहावी लागणार नाही.

‘एकाच कंपनीचे सगळे घ्या, कटकट नको,’ असा सल्ला यावर हमखास येतो. पहिल्या वर्षी तो खराही वाटतो. सुट्या भागाचे पहिले कोटेशन हातात पडते तेव्हा हिशेब फिरतो, कारण तिथे दुसरा बोलीदारच नसतो. म्हणून एक साधी अट घाला. बिलाचा शेवटचा हप्ता उपकेंद्र चालू झाले म्हणून देऊ नका. एससीडी फाईल, सगळ्या रिलेंच्या सेटिंग आणि पासवर्ड चाचणी विभागाच्या ताब्यात आले, आपल्याच इंजिनिअरने दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ती फाईल उघडली, एक रिले काढून परक्या कंपनीचा बसवला आणि ब्रेकर सुटला, तर त्या दिवशी चेक फाडा.