तिजोरीची दुसरी किल्ली

बँकेच्या सेवेत रुजू झाल्यानंतर माझी पहिली नेमणूक इंदूरच्या शाखेत झाली. त्या वर्षी माझ्यावर सोपवलेल्या कामांत सर्वांत जोखमीचे काम होते ते तिजोरीच्या दोन किल्ल्यांपैकी एकीचा ताबा सांभाळण्याचे. दुसरी किल्ली आमच्या ज्येष्ठ हेड कॅशियरांकडे असे. एका दुपारी खातेदारांची गर्दी उसळली होती. "आपली किल्ली द्या, मीच रोकड काढून आणतो," असे मी सहज म्हणालो. त्यांनी नकारार्थी मान हलवली, हातातले काम थांबवले आणि ते माझ्याबरोबर स्ट्राँगरूमपर्यंत आले. परतताना शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. उद्या एखादी गड्डी कमी भरली, तर तुमच्याकडे कोणी बोट दाखवू नये म्हणून."

या प्रसंगाला आता बरीच वर्षे लोटली. त्याची आठवण अलीकडे झाली, ती एका उद्योजक ग्राहकामुळे. मालवाहतुकीच्या नोंदणीचा त्यांचा व्यवसाय आहे. त्याचा सारा कारभार क्लाउडवर, म्हणजेच दुसऱ्या कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या व इंटरनेटवरून वापरायच्या संगणकांवर चालतो. या सेवेचे भाडे दरमहा त्यांच्या कार्डातून वळते होते. ते शाखेत आले तेव्हा त्यांची अडचण विलक्षण होती. कार्ड बंद करावे, अशी त्यांची इच्छा होती आणि ते बंद होऊ नये, अशीही! क्लाउडचे खाते ज्या तंत्रज्ञाने उघडून दिले, तो नोकरी सोडून परदेशी गेला होता. खाते त्याच्या व्यक्तिगत ई-मेलवर होते आणि नोंदवलेला भ्रमणध्वनी क्रमांक केव्हाच बंद पडला होता. भाड्याची रक्कम वाढत होती. परंतु अनावश्यक सेवा थांबवण्यासाठी मुख्य खात्यात शिरता येत नव्हते. कार्ड थांबवावे, तर भाडे थकून सर्वच सेवा खंडित होणार आणि वर्षानुवर्षांच्या नोंदी धोक्यात येणार. पत्रव्यवहार आणि कागदपत्रांची जुळवाजुळव यांत तीन आठवडे गेले. सुदैवाने तो तरुण सापडला, सज्जन निघाला आणि खाते परत मिळाले. मला खटकतो तो यातला 'सुदैवाने' हा शब्द. मालमत्तेचे रक्षण सुदैवावर सोपवण्याची रीत बँकव्यवहारात नाही.

क्लाउडवरील प्रत्येक खात्याला एक सर्वाधिकारी असतो. अ‍ॅमेझॉनच्या सेवेत त्याला 'रूट यूजर' म्हणतात, मायक्रोसॉफ्टकडे 'ग्लोबल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर', तर गूगलकडे 'सुपर अ‍ॅडमिन'. अ‍ॅमेझॉनचे उदाहरण घेऊ. ज्या ई-मेलने खाते उघडले जाते, तो ई-मेल आणि त्यासोबतचा पासवर्ड ही रूट यूजरची ओळख. साठवलेली माहिती पुसणे, इतरांना प्रवेश देणे वा नाकारणे, इतकेच नव्हे तर संपूर्ण खातेच बंद करणे त्याच्या हाती असते. इतर वापरकर्त्यांच्या अधिकारांना नियमांनी मर्यादा घालता येतात. स्वतंत्र खात्यात रूट यूजरला तशी मर्यादा नसते. गंमत अशी की, दैनंदिन कामांपैकी जवळजवळ कोणत्याही कामासाठी या सर्वाधिकाराची गरज पडत नाही.

हा अधिकार भलत्या हाती गेल्यास काय होते, याचा दाखला 'कोड स्पेसेस' या परदेशी कंपनीच्या शेवटात मिळतो. संगणकप्रणाली लिहिणाऱ्यांचे काम जतन करून ठेवणे, हा तिचा व्यवसाय. जून २०१४ मध्ये एका आगंतुकाने तिच्या अ‍ॅमेझॉनवरील नियंत्रण पटलात प्रवेश मिळवला आणि खंडणी मागितली. कंपनीने पासवर्ड बदलून ताबा परत घेण्याचा प्रयत्न केला. पण त्याने आधीच स्वतःसाठी अन्य प्रवेशवाटा तयार करून ठेवल्या होत्या. प्रतिकाराची चाहूल लागताच त्याने माहिती पुसण्यास सुरुवात केली. सुमारे १२ तासांत बहुतेक माहिती आणि तिच्या राखीव प्रती नाहीशा झाल्या. कंपनीला व्यवसाय गुंडाळावा लागला. राखीव प्रती ठेवण्याची दक्षता तिने घेतली होती. मात्र त्यांतील बहुतेक प्रती त्याच पटलाच्या आवाक्यात होत्या. तिजोरीची किल्ली आणि तिचा दुसरा संच एकाच खुंटीला टांगावा, तसाच हा प्रकार झाला.

हे सांगितले की अनेक ग्राहक उत्तर देतात, "आमचा व्याप लहान. एकच मुलगा सारे पाहतो आणि तो घरच्यासारखा आहे." त्याच्या सचोटीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु घरचा माणूसही आजारी पडतो, गाव सोडतो, फसव्या ई-मेलला बळी पडतो. आणि काही विपरीत घडलेच, तर पहिला संशय त्याच्यावरच येतो. कारण किल्ली एकट्या त्याच्याकडे असते. माझ्या मते सर्वाधिकाराची किल्ली एकाच माणसाकडे ठेवणे, हा त्याच्यावर दाखवलेला विश्वास नसून त्याच्यावर लादलेला धोका आहे. दुहेरी ताबा अविश्वासातून आलेला नाही. तो प्रामाणिक माणसाचे कवच आहे.

त्यासाठी नवे शास्त्र शिकावे लागत नाही. आपल्या शाखांतील जुनी शिस्त पुरेशी आहे. खाते संस्थेच्या नावे, संस्थेच्या ई-मेलवर आणि संस्थेच्याच दूरध्वनी क्रमांकावर असावे. तो ई-मेल किमान दोन जबाबदार व्यक्तींना पाहता यावा. विसरलेला पासवर्ड त्याच ई-मेलवरून बदलता येतो, म्हणून त्या टपालपेटीलाही तितकेच भक्कम कुलूप हवे. पासवर्डच्या जोडीला दुहेरी पडताळणी हवीच आणि शक्य असल्यास त्यासाठी हातात धरता येणारी सुरक्षा किल्ली वापरावी. एका रूट यूजरसाठी अशी ८ पर्यंत साधने नोंदवण्याची मुभा अ‍ॅमेझॉन देते. तेव्हा एक किल्ली कार्यालयात आणि दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणे सहज शक्य आहे. पासवर्ड एकाकडे व किल्ली दुसऱ्याकडे ठेवली, की संयुक्त ताबा साधला. रोजचे काम मर्यादित अधिकारांच्या स्वतंत्र लॉगिनने करावे. प्रोग्रामच्या वापरासाठी रूटच्या नावे काढलेल्या 'अ‍ॅक्सेस की' असल्यास त्या रद्द कराव्यात. रूट लॉगिन वापरले जाताच दोघांना सूचना मिळावी, अशी व्यवस्था करावी. राखीव प्रती वेगळ्या खात्यात ठेवाव्यात. आणि कर्मचारी सोडून जाताना, बदलीच्या वेळी आपण करतो तसे, कार्यभाराचे रीतसर हस्तांतरण व्हावे.

काळाची दिशाही हीच आहे. कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांना पडताळणीचा अतिरिक्त घटक रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून बंधनकारक केला. त्या वेळी ती अनेकांना कटकट वाटली. आज तिच्यावाचून खरेदी करताना आपणच बिचकतो. रूट यूजरच्या प्रवेशासाठी अशी पडताळणी सक्तीची करण्यास अ‍ॅमेझॉनने २०२४ मध्ये टप्प्याटप्प्याने प्रारंभ केला. सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिची माहिती कळवण्याचे बंधन केंद्र शासनाच्या 'सर्ट-इन' या संस्थेने एप्रिल २०२२ च्या निर्देशांद्वारे कंपन्यांवर घातले आहे. ज्यांना आपली मुख्य किल्ली कोणाकडे आहे हेच ठाऊक नाही, त्यांचे हे ६ तास किल्ली शोधण्यातच जातील.

शाखांतील माझ्या सहकाऱ्यांनाही एक विनंती आहे. उद्योजकाच्या कर्जप्रस्तावाची छाननी करताना आपण गोदामाचा विमा पाहतो, यंत्रांची पाहणी करतो. ज्याचा सारा व्यवसाय क्लाउडवर उभा आहे, त्याला आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा: मुख्य प्रशासकाचे लॉगिन कोणाच्या नावे आहे आणि ती व्यक्ती उद्या आली नाही तर काय? हा प्रश्न तंत्रज्ञाचा नसून मालकाचा आहे. म्हणून तो मालकालाच विचारावा.

आमचे हेड कॅशियर निवृत्त झाले, त्या दिवशी निरोपसमारंभापूर्वी त्यांनी आपली किल्ली नव्या सहकाऱ्याकडे सोपवली, किल्ली-रजिस्टरात दोघांच्या सह्या झाल्या आणि मगच त्यांनी हार स्वीकारला. त्या संध्याकाळी ते निर्धास्त मनाने घरी गेले. तो निर्धास्तपणा आपल्या ग्राहकांना आणि त्यांच्या विश्वासू तंत्रज्ञांनाही लाभावा, एवढीच इच्छा.