आधी शाळेची चौकशी, मग पोलीस?

मुलीने शाळेतलं काही वाईट आपल्याला सांगितलं, तर आपण आधी कुठे जातो? वर्गाच्या बाईंकडे. बाई मुख्याध्यापिकांकडे, त्या संस्थाचालकांकडे. आणि उत्तर येतं, ‘आधी आम्ही चौकशी करतो, तोवर बोलू नका, शाळेचं नाव जाईल.’ मुलीच्या नावाची धास्ती आपल्यालाही असतेच, म्हणून आपणही गप्प बसतो.

पण कायद्यात ही ‘आधी चौकशी’ नाहीच. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेला पोक्सो कायदा सांगतो, ज्याला असा गुन्हा कळला त्याने पोलिसांना कळवायचंच. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला तर एक वर्षापर्यंत कैद. खरं-खोटं ठरवणं पोलिसांचं आणि कोर्टाचं काम, शाळेचं नव्हे.

आपल्या विदर्भातलंच उदाहरण घ्या. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याला २०१९ मध्ये शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण उघडकीस आलं. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना हे ठाऊक असूनही त्यांनी कळवलं नाही, असा आरोप झाला. इथे बर्डीजवळच्या सिव्हिल लाईन्समधल्या खंडपीठाने त्यांच्यावरचा गुन्हा रद्द केला. पण २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला. माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे आणि बहुतेक वेळा तो गुन्हेगाराला वाचवण्याचा प्रयत्न असतो, असं न्यायालयाने बजावलं.

तरीही २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूर घडलंच. चिमुकल्या मुलींचे पालक वणवण फिरले, लोक रेल्वे रुळांवर उतरले, तेव्हा कुठे यंत्रणा हलली. शाळाचालकांवरही न कळवल्याचा गुन्हा नोंदवला गेला. आरोपी होता कंत्राटी सफाई कामगार. खरं तर शिक्षक असो की कंत्राटी शिपाई, प्रत्येकाची पोलीस पडताळणी करायला २०२० चे नियम सांगतात. पण विचारतो कोण?

जूनमध्ये बर्डीवर पाय ठेवायला जागा नसते. दप्तर, डबा, बूट आपण चार दुकानं फिरून पारखतो. शाळा मात्र फी आणि निकाल बघून ठरते! पालकसभेत जरा विचारा ना, सखी सावित्री समितीत कोण कोण आहे? शासनाने ती २०२२ मध्येच शाळांना नेमायला सांगितली आहे. तिची बैठक कधी झाली? तक्रारपेटी उघडतं कोण? बसच्या ड्रायव्हरची पडताळणी झाली का? बाई कपाळाला आठ्या घालतील, घालू देत.

आणि पोलीस ठाण्याची भीती वाटत असेल तर एवढं लक्षात ठेवा. मुलीचा जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी घेते, तीही साध्या कपड्यांत. मुलीचं नाव छापायला बंदी आहे. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करते. पोलिसांकडे जायला धीर होत नसेल तर १०९८ हा नंबर फिरवा, फुकट लागतो.